बाद माल

मकरपुऱ्यात, शेडमधल्या काचेच्या खोलीत
माझं काम ऐकायचं आहे.
बेअरिंग फिरवायचं, सुई बघायची, कान लावायचा.
गप्प फिरलं तर पेटीत.
कुरकुरलं, खरखरलं, भातातला खडा दाताखाली यावा
इतकंसं जरी वाजलं
तर लाल डब्यात.
नऊ वर्षं झाली, मी या शहरातून
आवाज वेचून बाजूला काढते आहे.

आणि रात्री डांडिया बाजारात, किरीटकाकांच्या गोदामात
बास गळ्यात अडकवून
तेच सगळं परत आत घेते.

गोदाम चणिया-चोळीचं. भाड्यानं देतात.
नवरात्र संपली की नऊशे घागरे दोऱ्यांवर लटकून
पुढच्या आश्विनाची वाट बघतात.
स्टुडिओ परवडत नव्हता.
होरमसनं घागऱ्यांच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली,
टाळी तिथंच मेली.
"बस, इकडेच," तो म्हणाला.
मग त्याचे दोन्ही पाय पेडलवर सुटले
आणि कापडावरचे सगळे आरसे थरथरायला लागले,
कुणीही नाचत नसताना.

गातो श्रीरंग पुराणिक.
गातो म्हणजे, त्याच्या आईच्या शब्दांत, ओकतो.
लग्नसराईत मंगलाष्टकं म्हणतो,
कारेलीबागेपासून अंकलेश्वरपर्यंत मागणी आहे.
शार्दूलविक्रीडिताची अख्खी ओळ एका श्वासात,
आणि तोच श्वास इथं
पोटातून दगड घासत वर येतो.
तिसऱ्या गाण्याच्या शेवटी सगळं थांबतं.
तो एकटाच, हळू, नवरीच्या मामालाच ऐकू जाईल इतकं,
म्हणतो: सावधान.
मग अक्षता नाहीत, ध्रुमिलची गिटार पडते,
स्लॅब कोसळल्यासारखी.

सहाव्या गाण्यात खोट निघाली.
चाळीसाव्या सेकंदापासून एक बारीक किणकिण.
माझ्याशिवाय कुणाला ऐकू येईना.
वायर बदलली, अँप बदलला, पंखा बंद केला.
घामानं निथळत ध्रुमिलनं मला गुजरातीत शिव्या दिल्या,
मग मराठीत माफी मागितली.
पहाटे तीनला सापडली:
अगदी वरच्या दोरीवर, फार तर पाच वर्षांच्या मुलीच्या घागऱ्याला
कुणीतरी शिवलेलं घुंगरू.
एकच.
मी शिडीवर चढले, हातात कात्री.
खाली तिघं मान वर करून गप्प.

खाली उतरले. म्हटलं, राहू दे.
"राहू दे म्हणजे?"
म्हणजे एक माईक वर बांध.

काल रात्री बारा वाजता अल्बम आला.
आला म्हणजे काय, श्रीरंगच्या फोनवर एक निळी रेघ भरत गेली.
आम्ही कोठीजवळ गाडीवर सेव उसळ खात होतो, तरी जास्त,
होरमसला उचकी लागलेली.
'गंज'. आठ गाणी, एकेचाळीस मिनिटं.
पहिल्या तासात सतराजणांनी ऐकला,
त्यांतले चार आम्ही
आणि एक कुणीतरी फिनलंडचा,
ज्याला होरमस लगेच मामा म्हणायला लागला.

किरीटकाकांनी गोदामाच्या पायरीवर बसून पूर्ण ऐकला,
चष्मा काढून.
"आ बधामां गरबो क्यां?"
मी सहावं गाणं परत लावून दिलं, चाळीसाव्या सेकंदापासून.
त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ.
मग म्हणाले, त्या घागऱ्याचं वेगळं भाडं लागेल.

आज पहिल्या पाळीत
तेरावं की चौदावं बेअरिंग खरखरलं.
सुई सरळ लालमध्ये.
मी बटण दाबलं नाही. फिरू दिलं.
सुपरवायझर खासेराव काचेवर टकटक करून म्हणाले,
काय ऐकताय एवढं?
बाद आहे, मी म्हटलं,
आणि डब्यात टाकलं,
जरा उंचावरून.